पाचपट्टी खार परमुलखात गेली तेव्हा



कामाला थोडा हात लावला की आपण ‘खारीचा वाटा’ म्हणतो. सेतू बांधताना खारीने वाळू नेली, रामाने तिच्या पाठीवरून तीन बोटं फिरवली, त्याचे हे पट्टे, असं आजी सांगायची. पण नीट पाहा. आपल्याकडे तीन पट्ट्यांची खार आहे, तशी पाच पट्ट्यांचीही आहे. तिचे मधले तीन पट्टे ठळक आणि कडेचे दोन पुसट असतात.

ही पाचपट्टी खार पार ऑस्ट्रेलियात पोहोचली. तिथे मूळची एकही खार नव्हती. युरोपातून तिथे वसायला गेलेल्यांनी हौसेने बाहेरची जनावरं नेली. 1859 मध्ये व्हिक्टोरियात शिकारीसाठी जेमतेम दोन डझन ससे सोडले. त्यांची पिलावळ मुलूखभर पसरली, पिकं आणि कुरणं फस्त करू लागली. पुढे 1898 मध्ये पर्थ शहरात प्राणिसंग्रहालय उघडलं आणि तिथूनच आपली खार बाहेर पडली. ती सशांसारखी दूर पसरली नाही, पण शंभर वर्षांनंतरही आसपासच्या वस्तीत टिकून आहे. तिथे ती उपद्रवी ठरली आहे. खारीने पोखरलेलं डाळिंब आपण पाहिलंच आहे, त्यामुळे का ते वेगळं सांगायला नको.

ओळखायची कशी? त्याच राज्याच्या जंगलात नंबॅट नावाचा दुर्मीळ प्राणी आहे. तोही दिवसा फिरतो, शेपटी झुपकेदार, अंगावर पांढरे पट्टे. मात्र तो खारीहून मोठा, वाळवी खाणारा, आणि त्याचे पट्टे पाठीवर आडवे. खारीचे पट्टे मानेकडून शेपटीकडे लांब जातात. नंबॅट त्या राज्याचा मानाचा प्राणी, जपायचा. ओळख चुकली, तर जपायचा तोच जीव जायचा.

यात खारीचा काय दोष? नेणारा माणूस, सोडणाराही माणूसच. आपल्या नदीवरची जलपर्णीसुद्धा फुलं सुंदर म्हणून दक्षिण अमेरिकेतून आणलेली. आज ती काढता काढता हात दुखतात.

म्हणून आम्हाला वाटतं, शोभेचं रोप, मासा, पाखरू घरी आणताना आधी विचारायचं: हे मूळचं कुठलं? आणि सुटलं तर आवरेल कोण?

पुन्हा भेटू. तोवर दारातल्या खारीचे पट्टे मोजून ठेवा.