यंत्रशास्त्राच्या पदवीधराकडून काय मागावे?

घरचा मुलगा यंत्रशास्त्राची पदवी घेऊन आला म्हणजे आपण पेढे वाटतो आणि लगेच विचारतो, "नोकरी कोठे?" त्याला काय यावयास हवे, हा प्रश्न मात्र कारखानदारावर सोपवून आपण मोकळे होतो. तो प्रश्न जुना आहे. त्याची उत्तरे कशी पालटत गेली हे पाहणे उद्बोधक ठरेल.

प्रथम आपल्याच प्रांताकडे पाहू. पुण्यात १८५४ साली इंजिनिअरिंगचा वर्ग निघाला, तो सरकारी बांधकाम खात्याला दुय्यम अधिकारी हवेत म्हणून. मागणी खात्याची, तेव्हा शिक्षणही खात्याच्या गरजेपुरते. पण महाराष्ट्रात यंत्रांचा धंदा उभा करणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर या वाटेने आलेच नाहीत. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत ते चित्रकला शिकावयास गेले. दृष्टीत रंगांधळेपणा निघाला, म्हणून यांत्रिक रेखाटनाकडे वळले. पुढे तोच विषय त्यांनी व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेत शिकविला. १९०३ साली त्यांनी लोखंडी नांगर तयार केला. नांगर चांगला होता, पण घेणार कोण? लोखंडाने जमिनीला विष चढते, अशी शेतकऱ्याची धास्ती होती. लोखंड ओतणे हे काम निम्मे. शेतकऱ्याच्या मनातली अढी ओळखून ती काढणे हे उरलेले निम्मे. ते साधले, म्हणूनच १९१० साली किर्लोस्करवाडी वसू शकली.

यावरून पदवी निरर्थक, असा निष्कर्ष कोणी काढू नये. त्यांचेच चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रसंस्थेतून १९२६ साली यंत्रशास्त्राचे पदवीधर झाले आणि तो व्याप त्यांनी कितीतरी वाढविला. वाद पदवीशी नाही. पदवीत काय मोजले जाते, याच्याशी आहे.

हाच वाद त्या काळी खुद्द अमेरिकेतही चालू होता. चार्ल्स मॅन यांनी इंजिनिअरिंगच्या शिक्षणाची पाहणी करून १९१८ साली अहवाल प्रसिद्ध केला. त्यासाठी त्यांनी हजारो अभियंत्यांना विचारले, की या धंद्यात यश कोणत्या गुणांनी येते? उत्तरांत चारित्र्य सर्वांत वर आले. सारासार विचार, कार्यक्षमता, माणसांची पारख आणि ज्ञान हे त्याच्या खाली. आणि तंत्र सर्वांत शेवटी. असे सांगणारी माणसे कोणी कीर्तनकार नव्हती. स्वतः इंजिनिअरच होती!

पण काळाचा लंबक दुसरीकडे गेला. दुसऱ्या महायुद्धात विज्ञानाचे सामर्थ्य दिसून आले आणि १९५५ च्या ग्रिंटर समितीने गणित व मूलभूत विज्ञान यांवर भर देऊन केवळ हस्तकौशल्याचे वर्ग कमी करावेत, असे सुचविले. शिफारस अवास्तव नव्हती. तापलेली वाफ किती जोर करील, हे अंदाजाने ठरविणारा माणूस कारखान्यात धोक्याचाच. परंतु कानस हाती न धरलेला पदवीधर कागदावर असा भाग काढून देतो, की जो कोणत्याही लेथवर कातता येत नाही. ही त्याची दुसरी बाजू.

पुढे २०१४ साली भारत वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सभासद झाला. पदव्यांना परस्पर मान्यता देणारा हा करार. त्या वेळी आपल्याकडे पदवीधरासाठी ठरलेल्या १२ अपेक्षांत ज्ञान आणि आराखडा यांच्या जोडीला नीती, समाजाची जबाबदारी, चमूने काम करणे, आपले म्हणणे मांडता येणे आणि जन्मभर शिकत राहणे हेही होते. मॅन यांना १९१८ साली मिळालेले उत्तर असे शतकाने यादीत येऊन बसले.

यादी झाली, खरी अडचण पुढे आहे. समीकरण सुटले की नाही हे तीन तासांच्या परीक्षेत कळते. पण "या बॉयलरची झडप सदोष आहे, मी सही करणार नाही," असे वरिष्ठाला तोंडावर सांगण्याचे धैर्य कोणत्या उत्तरपत्रिकेत तपासावे? ते गुरुजनांच्या वागण्यातून, कारखान्यातील मिस्त्रीशी आदराने बोलण्यातून आणि घरच्या संस्कारांतूनच येते. त्या सहीवर भट्टीजवळ उभ्या असलेल्या कामगाराचा जीव अवलंबून असतो. तेव्हा पुढल्या खेपेस पेढे वाटताना मुलाला पगार जरूर विचारावा, पण त्याआधी एवढे विचारावे, की "बाबा रे, चुकीच्या कागदावर सही करावयास सांगितले, तर तू काय करशील?"