आठ आण्यांचा कुत्रा आणि मालकाची जबाबदारी

चावऱ्या कुत्र्यांचा प्रश्न अलीकडचा आहे असा आपला समज असतो. पण याच प्रश्नावरून मुंबईत दंगल झाली, बाजार बंद पडला आणि लष्कर बोलवावे लागले, ती गोष्ट १८३२ सालची आहे.

कंपनी सरकारच्या अमलात मुंबईत ठरावीक महिन्यांत बेवारशी कुत्री मारण्याचा नियम होता. यामागची भीती खोटी नव्हती. पिसाळलेला कुत्रा चावला तर त्यावर तेव्हा इलाज नव्हता; लुई पाश्चरने माणसाला लस टोचली ती पुढे १८८५ साली. १८३२ मध्ये ही मोहीम जूनपर्यंत लांबवण्यात आली. मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस होते. इथेच घोटाळा झाला. रस्त्यावरचे पिसाळलेले जनावर शोधण्यापेक्षा दारातले शांत जनावर धरणे सोपे. शिपाई घरांच्या आवारात शिरून पाळीव कुत्रीही मारू लागले.

पारशी बांधव कुत्र्याला पवित्र मानतात. मृताजवळ कुत्रा आणण्याचा 'सगदीद' हा त्यांचा विधी प्रसिद्ध आहे. ६ जून १८३२ रोजी, त्यांच्या एका पवित्र दिवशी, फोर्ट भागात पारशी जमाव शिपायांवर चालून गेला. दुसऱ्या दिवशी दुकाने बंद झाली. हिंदू, जैन आणि इस्माईली मुसलमानही या बंदमध्ये सामील झाले. छावणीची रसद अडवली गेली. शेवटी लष्कर आले, धरपकड झाली. पुढे १८३४ साली जमशेटजी जीजीभॉय व इतर व्यापाऱ्यांनी भुलेश्वर परिसरात पांजरापोळ उभारली. दयेला जागा मिळाली. पण चावणाऱ्या कुत्र्याच्या मालकाचे काय, हा प्रश्न मात्र ना बक्षिसाने सुटला, ना पांजरापोळीने.

या प्रश्नाचे उत्तर आमच्या परंपरेत फार आधीपासून आहे. मुसलमान आणि कुत्रा म्हटले की लोकांना फक्त 'नापाक' हा शब्द आठवतो, आणि आम्हालाही तेवढाच आठवतो. मदिनेत एकदा कुत्री मारण्याचा हुकूम झाला आणि नंतर तो थांबवला गेला, हे 'सहीह मुस्लिम'मधील हदीस सांगते. शिकार, गुरे आणि शेत यांच्या राखणीसाठी कुत्रा पाळण्याची मुभा राहिली. तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्या स्त्रीला माफी मिळाल्याची हदीस तर मुलांनाही पाठ असते. पण त्याच हदीस-संग्रहांत चावऱ्या कुत्र्याला उपद्रवी प्राण्यांत धरले आहे. दया आणि बंदोबस्त दोन्ही शेजारी शेजारी आहेत.

या विचाराला कायद्याचे रूप मिळाले ते तुर्कस्तानात. उस्मानी राज्यात १८६९ ते १८७६ या काळात हनफी फिकहच्या आधारे 'मजल्ला' नावाची संहिता तयार झाली. तिचे ९२९ वे कलम सांगते, की बैल मारका असेल वा कुत्रा चावरा असेल आणि मोहल्ल्यातल्या किंवा गावातल्या कोणी 'जनावर बांधून ठेव' अशी ताकीद दिली असेल, तरीही मालकाने ते मोकळे सोडले, तर झालेले नुकसान त्याने भरून द्यावे. मजल्ला भारतात कधी लागू नव्हती. पण आपल्याकडेही १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम २८९ होते, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम २९१ आहे. पाळीव जनावरापासून माणसाला धोका होऊ नये याची काळजी मालकाने घेतली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, किंवा दोन्ही.

मजल्लाच्या कलमात आम्हाला महत्त्वाची वाटते ती ताकीद. तिथे शेजाऱ्यावरही काम सोपवले आहे. आमचे पिंपळगाव रेणुकाई भोकरदन तालुक्यात, मिरचीच्या बाजारासाठी ओळखले जाणारे. इथे कुत्रा शेताचा आणि गोठ्याचा राखणदार असतो. कोणाचा कुत्रा अंगावर येतो, हे अशा गावात सगळ्यांना ठाऊक असते. तोंडावर सांगत मात्र कोणी नाही. संबंध बिघडतील ही भीती असते. मग पोर चावले जाते आणि भांडण तेव्हा सुरू होते. संशयित पिसाळलेल्या जनावरांनी चावा घेतलेल्यांत सुमारे ४० टक्के मुले १५ वर्षांखालची असतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. शाळेत शिकवणाऱ्या आम्हा लोकांना हा आकडा विसरता येत नाही.

मोकाट कुत्र्यांना मालक नसतो हे खरे. त्यांचे निर्बीजीकरण व लसीकरण ही २००१ च्या आणि नंतर २०२३ च्या नियमांनुसार स्थानिक संस्थांची जबाबदारी आहे. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळा, दवाखाने, बसस्थानके यांच्या आवारातून अशी कुत्री हलवण्याचा आदेश दिला. पण 'आम्ही कुत्रा पाळत नाही' म्हणून आमचा मोहल्ला सुटत नाही. मटणाच्या दुकानामागे उघड्यावर पडलेली आतडी आणि बकरीदनंतर नाल्यात टाकलेले अवशेष यांवर कुत्र्यांचे कळप पोसले जातात. ते खड्ड्यात पुरणे हे आमचे काम आहे, ग्रामपंचायतीचे नव्हे.

चावा झालाच तर जखम पंधरा मिनिटे साबण व वाहत्या पाण्याने धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. हळद-मिरची भरू नये. आणि चावा होण्याआधी, ज्याचे कुत्रे अंगावर येते त्याच्या दारी जाऊन, सलाम करून, 'भाऊ, बांधून ठेवा' एवढे सांगावे. १८३२ सालच्या मुंबईत आठ आणे घेऊन शिपाई घरात शिरला, त्याआधी शेजाऱ्याने करायचे काम हेच होते.