पायातून हातात

पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा अमेरिकी पलटणींबरोबर आलेल्या नव्या संगीताचं पॅरिसला वेड लागलं. त्या वादकांतल्या एका माणसापुढे ढोल, ताशा, झांजा, घंटा, भोंगे असा पसारा मांडलेला असे. तसलं काही तिथं कुणी पाहिलं नव्हतं. मग फ्रेंच लोक त्या पसाऱ्यालाच 'जाझबँड' म्हणू लागले. म्हणजे संगीत एकीकडे राहिलं आणि नाव मिळालं ते वाद्याला.

ही चूक मला फार आवडते. पन्नासेक वर्षं मी जॅझ ऐकतोय. वाजवता काही येत नाही, नोटेशन वाचता येत नाही, पण ऐकून ऐकून काही मतं पक्की झाली आहेत. जाणकार मंडळी जॅझची युगं ट्रम्पेट नि सॅक्सोफोनवरून ओळखतात. हा आर्मस्ट्राँगचा काळ, हा पार्करचा, हा कोल्ट्रेनचा. मी फक्त लय कुठं धरली आहे ते ऐकतो. पायात असेल तर जुनं, हातात असेल तर नवं. हा हिशोब ओबडधोबड आहे, पण त्यानं मला फारसं फसवलेलं नाही.

पुण्यातली विसर्जनाची मिरवणूक डोळ्यांपुढे आणा. ढोल एकाच्या कमरेला, ताशा दुसऱ्याच्या गळ्यात, झांज तिसऱ्याच्या हातात. न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यांवरचे ब्रास बँड असेच होते. मोठा ड्रम एकाकडे, पातळ आवाजाचा स्नेअर दुसऱ्याकडे. मोठ्या ड्रमवर एक झांज बसवलेली असे आणि ड्रमवाला दुसऱ्या हातातल्या तारेच्या वळशानं तिला टोले देई. अंत्ययात्रा असो की वरात, चालताना वाजवायचं तर दोन-तीन माणसं लागणारच.

ही मंडळी रस्त्यावरून हॉलमध्ये आली आणि अडचण झाली. मंच लहान, मालकाचा हात आखडता. जिथं दोघं लागत होते तिथं एकानं भागवायचं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी वादकांनी तोड काढली ती अशी : मोठा ड्रम जमिनीवर, स्नेअर खुर्चीवर तिरका ठेवायचा आणि एकाच काठीनं इकडून तिकडे पळायचं. न्यू ऑर्लिन्सच्या जॉन रोबिशो यांच्या वाद्यवृंदातल्या डी डी चँडलरनं १८९० च्या दशकात घरच्या घरी एक पेडल जुळवलं, असं म्हणतात. कारखान्यात बनवून विकता येईल असं चपळ पेडल शिकागोच्या विल्यम लुडविगनं आणलं. साल १९०९. तो स्वतः थिएटरमध्ये ड्रम वाजवायचा. रॅगटाइमची लय वाढत चालली होती आणि तेव्हाच्या अवजड पेडलांवर पाय तितका भरभर चालत नव्हता. त्यानं भावाला हाताशी धरलं आणि कारखाना काढला.

आपल्याकडे वाद्याला चुकून पाय लागला तर आपण वाकून नमस्कार करतो. तबलजी तर गवसणी ओलांडूनही जात नाही. आणि इथं थेट पाय देऊनच वाद्य जन्माला आलं. पहिल्यांदा ड्रमसेट जवळून पाहिला तेव्हा मला हे जरा खटकलं होतं, खोटं कशाला सांगू. पण दोन हात मोकळे करायचे तर पायाला कामाला लावण्यावाचून इलाज नव्हता. हा मोकळेपणा नसता तर पुढचं काहीच घडलं नसतं.

सेटमध्ये बाकी काय काय होतं? चिनी टॉम-टॉम, लाकडी ठोकळे, गुरांच्या गळ्यातल्या घंटा, शिट्ट्या. मूकपटाच्या थिएटरात घोडा धावला की टापा, कुणी पडलं की धाडकन आवाज, हे सगळं ड्रमवाल्यानंच काढायचं. तेव्हा हे दुकान मांडूनच बसावं लागे.

त्या काळच्या रेकॉर्डनी मात्र आपल्याला चक्क चकवलं आहे. १९२३ साली किंग ऑलिव्हरच्या बँडनं इंडियाना राज्यातल्या रिचमंड गावी गेनेट कंपनीसाठी रेकॉर्डिंग केलं. स्टुडिओ रेल्वे रुळाला लागून होता, गाडी आली की काम थांबे. मायक्रोफोन नव्हता. भल्यामोठ्या कर्ण्यासमोर वाजवायचं आणि त्या कंपनानं मेणावर सुई कोरत जायची. मोठा ड्रम वाजला की सुई उडे, म्हणून तो आत घ्यायचाच नाही. बेबी डॉड्ससारखा नामी ड्रमवाला तिथं लाकडी ठोकळ्यांवर टकटक करताना ऐकू येतो. पुढच्या पिढीनं त्या रेकॉर्ड ऐकल्या आणि समज करून घेतला, की सुरुवातीचं जॅझ असं हलकंफुलकं, टकटकीतच होतं. प्रत्यक्षात हॉलमध्ये फरशी हादरत असणार. लय पायात होती आणि नेमका पायच रेकॉर्डमध्ये नाही. विद्युत मायक्रोफोन १९२५ च्या सुमारास आले, तोवर त्या पहिल्या पिढीचे दिवस सरत आले होते.

आता झांजेकडे वळू, कारण पुढची गोष्ट तिचीच आहे. ही झांज मुळात इस्तंबूलची. सतराव्या शतकात तिथल्या अवेदिस नावाच्या आर्मेनियन कारागिराला तांबं आणि कथील यांचा असा मेळ साधला की पत्रा ठिसूळ असूनही फुटेना आणि आवाज लांबवर घुमे. चार भाग तांबं, एक भाग कथील. आपल्या टाळांचं कांसं याच कुळातलं, कासारांना हे प्रमाण नवं नाही. तुर्कीत झांजेला 'झिल' म्हणतात, म्हणून घराण्याचं नाव पडलं झिलजान. आपल्याकडे असते तर आडनाव झांजे झालं असतं. कंपनी आपला जन्म १६२३ चा सांगते. त्याच घराण्यातला दुसरा एक अवेदिस बोस्टनजवळ गोळ्या-मिठाईचा धंदा करत होता. झांजेचा वारसा त्याच्याकडे आला आणि १९२९ मध्ये त्यानं तिथंच भट्टी पेटवली. जीन क्रुपासारखे वादक त्याच्याकडे जाऊन म्हणू लागले, झांज जाड नको, पातळ दे. बँडच्या जाड झांजा धडाधड आपटायला ठीक, पण काठीच्या टोकानं बोलतं करायचं तर पत्रा पातळच हवा.

त्याच दशकात दुसरी एक गंमत चालू होती. डाव्या पायाखाली दोन झांजा एकमेकींवर आपटायचा एक बुटका सांगाडा आधीपासून होता, जेमतेम घोट्याइतका उंच. कुणाला तरी सुचलं की याची दांडी लांब करावी. दांडी कमरेपर्यंत आली आणि वरच्या झांजा हाताच्या टप्प्यात आल्या. हाच हाय-हॅट. दिसायला क्षुल्लक सुधारणा, पण माझ्या मते न्यू ऑर्लिन्स आणि स्विंग यांच्यातलं अंतर म्हणजे ही दोन-अडीच फूट नळी.

काउंट बेसीच्या बँडमधला जो जोन्स ऐका. बेसीची १९३७-३८ ची कुठलीही रेकॉर्ड घ्या. ठेका मोठ्या ड्रमवरून उठून हाय-हॅटवर आलेला आहे. झांजा किंचित उघडतात, सुस्कारा सोडतात, मिटतात. पाय अजून चार मात्रा देतोच आहे, पण दाबून. धमधम गेली आणि सळसळ आली. माझ्या हिशोबी ड्रमसेटचा सगळ्यात सुखाचा काळ हाच. क्रुपा प्रेक्षकांना वेड लावायचा. १९३८ च्या जानेवारीत कार्नेगी हॉलमध्ये बेनी गुडमनबरोबर त्यानं जे वाजवलं त्यावर आजही लोक टाळ्या पिटतात. पण त्याच्या घामापेक्षा जोन्सचं हसणं मला जास्त लयदार वाटतं. लांबलचक ड्रम सोलो मला तसाही सोसत नाही. तबल्याचा एकल पेशकार तासभर ऐकेन, ड्रमचा पाचव्या मिनिटाला नको होतो. यात तर्क नाही, सवय आहे.

मुंबईत जॅझ आलं ते याच टप्प्यावर. १९३५ मध्ये लिऑन ॲबी आपला कृष्णवर्णीय वादकांचा बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात आला, मग टेडी वेदरफोर्डसारखे पियानोवादक आले. नोटेशन वाचणाऱ्या गोव्याच्या पोरांनी ते ऐकलं, उचललं आणि रात्री हॉटेलात वाजवून दिवसा फिल्म स्टुडिओत जाऊ लागली. 'अलबेला'त, १९५१ साली, सी. रामचंद्रांच्या चालींमागे चिक चॉकलेट म्हणजे आंतोनियो झेवियर वाझ यांचा ट्रम्पेट होता. आपल्या सिनेसंगीतातला ड्रमसेट नाचवतो, उगाच कोड्यात टाकत नाही, याचं कारण हेच असावं. तो स्विंगच्या घरातून आला. पुढचं भांडण त्याच्यापर्यंत पोचलंच नाही.

ते भांडण लावलं केनी क्लार्कनं. टेडी हिलच्या बँडमध्ये असताना काही गाणी अशा वेगानं घेत, की मोठ्या ड्रमवर चार मात्रा देता देता त्याचा पाय भरून येई. मग त्यानं ठेका उजव्या हाताकडे दिला, वर टांगलेल्या मोठ्या झांजेवर. टिंऽग, टिंग-ट-टिंग, टिंग-ट-टिंग. रिकाम्या झालेल्या पायानं मात्रा मोजायच्या सोडून भलत्याच जागी दणके द्यायला सुरुवात केली. सोबतच्या वादकांना वाटलं याचा ताल सुटला. हिलनं त्याला काढून टाकलं. गंमत अशी की पुढं याच हिलकडे हार्लेममधल्या मिंटन्स प्लेहाऊसची व्यवस्था आली आणि १९४० मध्ये बँड उभा करायला त्यानं क्लार्कलाच बोलावलं. पियानोवर थेलोनियस मंक बसला. रात्री काम संपवून डिझी गिलेस्पी, चार्ली पार्कर येऊन मिसळायचे. पायाच्या त्या दणक्यांना युद्धाच्या दिवसांत नाव पडलं 'बॉम्ब'.

बीबॉप म्हणतात ते हेच. लोक सांगतात की अवघड स्वरावली आल्या म्हणून जॅझवर नाचणं थांबलं. मला हे अर्धंच पटतं. एक तर १९४४ मध्ये अमेरिकी सरकारनं नाचगाण्याच्या जागांवर ३० टक्के कर बसवला. नुसतं बसून वाद्यं ऐकणाऱ्या गिऱ्हाइकाला तो नव्हता, म्हणून मालकांनी नाचाची फरशी काढून तिथं टेबलं मांडली. आणि दुसरं, नाचणाऱ्याचा पाय ड्रमवाल्याच्या पायाला बांधलेला असतो. तो पायच जर मनाला येईल तेव्हा बोलू लागला तर नाचणाऱ्यानं पाऊल टाकायचं कुठं? झांजेवर डोलता येतं, नाचता येत नाही.

मी स्वतः जॅझ ऐकायला लागलो तो शॉर्टवेव्हवर, व्हॉइस ऑफ अमेरिकाच्या विलिस कोनोव्हरच्या कार्यक्रमात. तो इंग्रजी इतकं सावकाश बोलायचा की माझ्यासारख्या मराठी शाळेत शिकलेल्यालाही प्रत्येक नाव लिहून घेता येई. पण रेडिओ लहान, लहरी अस्थिर. मोठा ड्रम तर ऐकूच येत नसे आणि झांज कुठली नि खरखर कुठली हे कळायला मार्ग नव्हता. पहिली दोन-तीन वर्षं मी ॲटमॉस्फेरिक गोंगाटालाच केनी क्लार्क समजून दाद दिली असेल.

नंतर चांगल्या यंत्रावर 'काइंड ऑफ ब्लू' ऐकली. १९५९ ची, माइल्स डेव्हिसची. त्यातल्या 'सो व्हॉट'ची सुरुवातीची सवाल-जवाबासारखी घडी संपते आणि माइल्स पहिला स्वर लावतो, बरोबर त्या क्षणी जिमी कॉब झांजेवर एक टोला देतो. टोला जरा जोरात पडला आहे. झांज उघडते आणि मिटायचं नाव घेत नाही. माइल्सचे पहिले काही स्वर त्या पसरत जाणाऱ्या कांस्याखालून चालत येतात. देवळातली घंटा वाजवून माणूस गाभाऱ्याशी पोचावा आणि मागे घंटा अजून घुमत असावी, तसं. क्लार्कनं लय वर नेली तेव्हा ती जाणार कुठं, याचं उत्तर मला त्या टोल्यात ऐकू येतं.

तिथून पुढं मला सगळंच पचलं असं नाही. त्याच वर्षी डेव्ह ब्रूबेकनं इस्तंबूलच्या रस्त्यावर ऐकलेली नऊ मात्रांची चाल घेऊन एक तुकडा बांधला. झांजेच्याच गावची ती चाल, आणि तबल्याच्या मुलखातल्या माणसाला विषम मात्रांचं काय कौतुक, पण ते नेटकं होतं. कोल्ट्रेनबरोबरचा एल्विन जोन्स म्हणजे चारी हातपाय चार दिशांना आणि तरी सम हुकत नाही. त्याच्यापुढे मी हात जोडतो. त्यानंतरच्या सनी मरेनं झांजेवरचा ठेकाही सोडला, नुसती थरथर ठेवली. आदर आहे, पण त्याची रेकॉर्ड मी वर्षातून एकदा काढतो.

१९७० च्या आसपास लय पुन्हा खाली उतरली. रॉकची पोरं आली, वीज आली आणि पाय परत राजा झाला. महाविष्णू ऑर्केस्ट्रातला बिली कॉबम दोन मोठे ड्रम दोन पायांनी वाजवू लागला. मोजायला गेलात तर मात्रा अवघड, पण धमधम न्यू ऑर्लिन्सपेक्षाही दांडगी. हा ऑर्केस्ट्रा उभा करणाऱ्या जॉन मॅक्लॉफ्लिननंच १९७५ मध्ये 'शक्ती' काढली तेव्हा मात्र ड्रमसेटच बाहेर ठेवला. झाकिर हुसेनचा तबला, विक्कू विनायकरामांचा घट, सगळे मांडी घालून बसलेले. पाय आपोआपच गप्प.

आमच्या भाच्यानं दोन वर्षांपूर्वी ड्रमसेट घेतला. सोसायटीत आठवड्याभरात तक्रार. खालच्या काकूंना झांजेचं काही नव्हतं, पण पायातलं ते धबधब त्यांच्या छताला जाणवायचं. पोरगं रडकुंडीला आलं. मी म्हटलं, पाय नुसता टेकव, आवाज होता कामा नये, सगळं उजव्या हातावर घे. बॉम्ब टाकायचा नसेल तेव्हा मिंटन्समधले जुने लोक तसंच करायचे, मोठ्या ड्रमवर पीस फिरवल्यासारखा पाय. त्यानं तोंड वाकडं केलं, मग हळूहळू सुरू केलं. टिंऽग, टिंग-ट-टिंग. दहा मिनिटांनी दारावरची बेल वाजली. काकूच होत्या. म्हणाल्या, "आज क्लास नाही का रे?"