तासाभराचे नाटक आणि आपले जुने जिल्हे

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे तीन वाटे झाले. तेलुगू मुलूख आंध्र प्रदेशात गेला, कानडी जिल्हे म्हैसूर राज्यात गेले आणि औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद हे मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले. सरकारी नोकरांचीही वाटणी झाली. कुणाचा थोरला भाऊ औरंगाबादेत, धाकटा सुलतान बाजारात, अशी घरे आपल्यापैकी अनेकांच्या आठवणीत आहेत. हा इतिहास राजकारणाच्या अंगाने पुष्कळदा सांगितला जातो, नाटकाच्या अंगाने फारसा नाही. तो थोडक्यात सांगावा आणि त्याच ओघात पुढच्या गणपतीसाठी काही एकांकिका सुचवाव्यात, एवढाच या लेखाचा हेतू.

निजामी अमदानीत मराठी भाषेला दफ्तरात जागा नव्हती. गश्ती निशाण ५३ लागू झाल्यावर तर साध्या सभेलाही आधी परवानगी काढावी लागे. अशा काळात १९०७ साली सुरू झालेली विवेकवर्धिनी शाळा आणि १९३१ साली श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या अध्यक्षतेखाली इथे भरलेले मराठी साहित्य संमेलन यांचे मोल वेगळेच होते. चार माणसांनी एकत्र जमून मोठ्याने मराठी बोलावे अशी ठिकाणे मोजकीच होती. शाळेचे स्नेहसंमेलन, ग्रंथालय, गणपतीचा मांडव. नाटकाची गोडी मराठी घरांत होतीच, तिला या ठिकाणांनी आसरा दिला. म्हणून इथल्या गणपतीतले नाटक केवळ करमणूक कधीच नव्हते. रंगमंचावर मराठी ऐकू येणे हीच त्यातली मोठी गोष्ट होती.

नाटके मात्र आली ती बहुतेक पुण्या-मुंबईहून. ते स्वाभाविकच होते. छापील पुस्तके तिथून येत, नाटक कंपन्यांची कीर्ती तिथली, नटांची नावेही तिथलीच. तीन अंकी नाटक, दिवाणखान्याचा सेट, दोन महिने तालमी, हा आपल्या वडिलधाऱ्यांचा शिरस्ता. काचीगुडा, गौलीगुडा, बडी चावडी या भागांत माणसे एकमेकांपासून दहा मिनिटांच्या अंतरावर राहत होती, तोवर तो निभलाही. आता एक कुटुंब मियापूरला, दुसरे सैनिकपुरीत, मुलगा गच्चीबावलीच्या कंपनीत. दोन महिने रोज तालमीला दहा-बारा माणसे जमवणे कुणालाही जड जाते. तासाभराचे नाटक, म्हणजे एकांकिका, या परिस्थितीत सोयीची आहे. पण आम्ही ती सुचवतो ती केवळ सोय म्हणून नव्हे. गेल्या साठ-सत्तर वर्षांत मराठीत जे नवे नाटक जन्मले, त्यातले पुष्कळसे आधी एकांकिकेच्याच रूपात उभे राहिले.

लहान नाट्यलेखनाची परंपरा मराठीत त्याआधीचीच. 'दिवाकर' या नावाने लिहिणाऱ्या शंकर काशीनाथ गर्गे यांनी १९११ पासून नाट्यछटा लिहिल्या. एकच माणूस बोलतो आणि पानभरात अख्खे घर डोळ्यांपुढे उभे राहते. पुढे स्वातंत्र्यानंतर मुंबईत आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा सुरू झाल्या. १९६३ साली पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेने पुरुषोत्तम करंडक सुरू केला. विद्यार्थ्यांकडे पैसा नाही, सेट नाही, नावाजलेला नट नाही. त्यामुळे सगळी भिस्त संहितेवर आणि दिग्दर्शनावर. स्पर्धा दरवर्षी येणार, म्हणून दरवर्षी नवे काही लिहावे लागणार. लेखक घडायला याहून चांगली शाळा नाही. दर्जाबद्दलचा आग्रहही तिथे मोठा. २०२२ साली तर परीक्षकांनी एकाही संघाला करंडक दिला नाही.

विजय तेंडुलकरांनी मोठ्या नाटकांच्या बरोबरीने एकांकिका लिहिल्या. महेश एलकुंचवार यांचे नाव झाले ते 'सुलतान' आणि 'होळी' या एकांकिकांनी. वसतिगृहातल्या मुलांना होळीची सुटी नाकारली जाते आणि साध्या कुरबुरीतून हिंसा कशी पेटते, हे 'होळी'त आहे. १९८४ साली केतन मेहता यांनी त्यावर चित्रपटही काढला. देवेंद्र पेम यांचे 'ऑल द बेस्ट' आपल्यापैकी अनेकांनी पोट धरून हसत पाहिले असेल. तेही मुळात एकांकिकाच होते.

आता आपल्या जुन्या जिल्ह्यांकडे वळू. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले, तेव्हा औरंगाबाद हैदराबाद राज्यात होते. त्याच महाविद्यालयाचे प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी 'युगयात्रा' हे नाटक लिहिले. १९५६ च्या ऑक्टोबरात नागपूरच्या धर्मांतर सोहळ्याच्या वेळी ते प्रचंड जनसमुदायापुढे झाले. दलित रंगभूमीचा इतिहास लिहिताना या नाटकाचे नाव सुरुवातीलाच येते. म्हणजे मराठी नाटकातल्या एका मोठ्या वळणाची सुरुवात हैदराबाद राज्याच्या हद्दीत, राज्य मोडण्याच्या थोडीच आधी झाली. पुढे नांदेडच्या दत्ता भगतांनी 'आवर्त' लिहिली. लोकनाट्याचा घाट घेऊन जातीचा प्रश्न मांडणारी ही एकांकिका मराठीतल्या महत्त्वाच्या एकांकिकांत गणली जाते. औरंगाबादेतल्या 'जिगीषा' या तरुणांच्या संस्थेतून प्रशांत दळवी आणि चंद्रकांत कुलकर्णी आले आणि 'चारचौघी' घेऊन मुंबई गाजवली. जालना जिल्ह्यातले जांब समर्थ हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. तिथल्या राजकुमार तांगडे यांनी शेतकरी कलावंतांना घेऊन 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' हे नाटक साकारले, आणि २०१२ नंतर ते महाराष्ट्रभर गाजले.

ही माणसे आपल्याला परकी नाहीत. यांच्या आजोबांच्या आणि आपल्या आजोबांच्या जमिनीच्या कागदांवर एकाच सरकारचा शिक्का होता, दोघांच्या बोलीत तेच उर्दू शब्द होते. तांगड्यांच्या पात्रांची भाषा पुण्याच्या प्रेक्षकाला कदाचित कान देऊन ऐकावी लागेल. आपल्याकडे मात्र एखाद्या आजी पहिल्याच वाक्याला म्हणतील, "अगं, हे तर आपल्या परभणीचं बोलणं."

तर पुढच्या वर्षासाठी आमच्या शिफारशी अशा.

पहिली, प्राजक्त देशमुख यांची 'देवबाभळी'. आधी एकांकिका म्हणून स्पर्धा गाजवून ती पुढे 'संगीत देवबाभळी' या मोठ्या नाटकात वाढली. तुकोबांच्या आवलीच्या पायात काटा रुततो आणि तिची काळजी घ्यायला खुद्द रखुमाई तिच्या घरी येते. दोनच स्त्रिया, एक गरोदर आणि रागावलेली, दुसरी रुसलेली. दोघींची तक्रार एकाच विठ्ठलाबद्दल. आपल्या भजनी मंडळांत गाणाऱ्या बायका आहेत, अभंग त्यांना पाठ आहेत. त्यांच्यासाठी हे नाटक म्हणजे घरचेच काम.

दुसरी, प्रेमानंद गज्वी यांची 'घोटभर पाणी'. ही १९७७ सालची, म्हणजे नवी नव्हे. पण नव्या लेखकांकडे जाणारी वाट इथूनच जाते. पात्रे थोडी, नेपथ्य जवळपास नाहीच. अनेक भाषांत तिचे अनुवाद झाले आणि असंख्य प्रयोग झाले. तिच्या जोडीला नाशिकच्या दत्ता पाटील यांचे 'हंडाभर चांदण्या' वाचावे. एकात जातीमुळे नाकारलेले पाणी, दुसऱ्यात दुष्काळाने हिरावलेले. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या हैदराबादकराला यातले काहीच समजावून सांगावे लागणार नाही.

तिसरी शिफारस तांगड्यांच्या 'आकडा'ची. आकडा म्हणजे चोरून वीज घेण्यासाठी तारेवर टाकतात तो. गावातली वीज, शेतकऱ्याची अडचण आणि त्यातून उडणारी धमाल, असा हा ऐवज आहे. हसू येते आणि घास घशात अडकतोही. मांडवात बसलेल्या सर्व वयांच्या माणसांसाठी याहून योग्य नाटक शोधावे लागेल.

याशिवाय मनस्विनी लता रवींद्र, इरावती कर्णिक, आशुतोष पोतदार, धर्मकीर्ती सुमंत हे आजचे लेखक वाचावेत. २०१४ पासून 'लोकसत्ता'ची लोकांकिका स्पर्धा महाराष्ट्राच्या वेगवेगळ्या केंद्रांवर होते. तिथल्या नव्या नावांवर नजर ठेवली तर दरवर्षी दोन-तीन चांगल्या संहिता सहज हाती लागतील.

काही गोष्टी मात्र नीट व्हाव्यात. प्रयोगाआधी लेखकाची लेखी परवानगी घ्यावी आणि ठरलेले मानधन पोचवावे. हारतुऱ्यांवर आणि मांडवावर आपण मोकळ्या हाताने खर्च करतो, त्यात लेखकाचा वाटा धरला तर वर्गणीवर फार बोजा पडणार नाही. दुसरे, प्रयोग ठरवण्याआधी आषाढ-श्रावणात दोन रविवारी अभिवाचन ठेवावे. इंग्रजी शाळेत शिकलेल्या आणि तेलुगू मित्रांत वाढलेल्या नातवंडांना देवनागरी वाचताना अडखळायला होते. दहा ओळींची भूमिका द्या. ती पाठ करताना आजीच्या शेजारी बसून त्यांनी वाचलेली दहा पाने शिकवणीच्या महिन्याभरापेक्षा जास्त काम करतील. तिसरे, कामानिमित्त नुकतीच पुण्याहून-नागपूरहून आलेली तरुण मंडळी आपल्याच शहरात आहेत. त्यांतल्या कित्येकांनी कॉलेजात करंडकासाठी रात्री जागवल्या असतील. जुनी घरे आणि नवी माणसे एका तालमीत भेटली तर दोघांचेही भले आहे.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. नांदेडचे नाटक नांदेडच्या माणसाने लिहिले, जांब समर्थचे तिथल्या माणसाने. हैदराबादच्या मराठी माणसाचे नाटक दुसरे कोणी येऊन लिहिणार नाही. विषय तर दारात पडले आहेत. सप्टेंबर १९०८ चा मुसीचा पूर. १९३८ साली उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहातल्या मुलांनी 'वंदे मातरम्' म्हणण्याचा हट्ट धरला, त्यांना काढून टाकले गेले आणि नागपूर विद्यापीठाने त्यांना सामावून घेतले. 'होळी' वाचलेल्या कुणालाही त्यात एकांकिका दिसेल. आणि १९५६ चे ते घर, जिथे टपालाने वाटणीचा हुकूम आला आणि जेवणाच्या पाटावर बसलेल्या दोन भावांना कळले की उद्यापासून दोघांची राज्ये वेगळी. हे प्रसंग ज्यांनी पाहिले ती माणसे आता मोजकीच उरली आहेत. त्यांच्याजवळ बसून ऐकायला हवे, आणि तेही लवकर.

म्हणून आमचे मंडळींना सांगणे असे की पुढच्या गणपतीत दोन एकांकिका व्हाव्यात. एक वर सुचवलेल्यांपैकी, आणि दुसरी आपल्यातल्याच कुणी लिहिलेली, इथल्या बोलीतली, इथल्या घरातली. पहिल्या खेपेला ती थोडी कच्ची असेल. करंडकाच्या रंगमंचावर आलेली पहिली संहिताही काही पक्की नसते. लिहिणाऱ्यांनी दिवाळीनंतर कागद घेऊन बसावे. ऐकायला आम्ही तयार आहोत.