पत्नीकृत क्रौर्य : निकालपत्र आणि जीवनवृत्त

पतीचा छळ करणाऱ्या स्त्रियांची जीवनवृत्ते रचताना अभ्यासकास मुख्यत्वे विवाहविषयक खटल्यांवर विसंबावे लागते. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविषयक अधिनियमाखाली पीडित म्हणून केवळ स्त्रीसच दाद मागता येते. पतीची तक्रार बहुधा घटस्फोटाच्या अर्जातच नोंदली जाते. या साधनाचे बल व मर्यादा दास्ताने खटल्यात एकत्र दिसतात.

सदर दांपत्याचा विवाह 1956 साली पुण्यास झाला. 1961 साली ते विभक्त झाले. 19 मार्च 1975 रोजी निकाल देताना न्या. यशवंत विष्णु चंद्रचूड यांनी पत्नीची शिवीगाळ, आत्मघाताच्या व घर पेटविण्याच्या धमक्या यांस क्रौर्य ठरविले. त्यासाठी निःसंशय पुराव्याची नव्हे, अधिक संभाव्यतेची कसोटी त्यांनी लावली. तथापि नंतरच्या सहवासाने पतीने हे वर्तन क्षमापित केले, म्हणून त्याची मागणी सर्वोच्च न्यायालयाने अमान्य केली. पुढे 1976 च्या दुरुस्तीने क्रौर्य हे हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटाचे कारण झाले.

निकालपत्र कृत्यांची गणना करते. त्यामागील आयुष्य मात्र उभयतांच्या पत्रव्यवहारातून शोधावे लागते. पतीची वेदना नाकारणे जसे अशास्त्रीय, तसेच पाचदहा प्रसंगांवरून एखाद्या स्त्रीचा स्वभाव ठरविणेही अशास्त्रीय होय. औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथील उच्च न्यायालयाच्या खंडपीठातील निकाल वाचणाऱ्या मराठवाड्यातील संशोधकाने हा विवेक आधी बाळगावा.