'महारोग' आणि 'निर्मूलन' : दोन शब्दांचा इतिहास

रोगाचा इतिहास वैद्यकाच्या ग्रंथांत असतो, तसा तो भाषेतही साठलेला असतो. कुष्ठरोगाच्या संदर्भात मराठीतील दोन शब्द आम्हांला विचारात घ्यावेसे वाटतात : 'महारोग' आणि 'निर्मूलन'.

नॉर्वेच्या हान्सेनने १८७३ मध्ये या रोगाचा जंतू शोधला. म्हणजे पूर्वजन्मीच्या पापाची मीमांसा तेव्हाच निकालात निघायला हवी होती. प्रत्यक्षात ब्रिटिश सरकारने १८९८ मध्ये निराधार रुग्णांना डांबून ठेवण्याची मुभा देणारा कायदा केला. 'महा' या उपपदातील भयाला अशी राजमान्यता मिळाली.

दीपनगरहून भुसावळला येऊन नागपूरकडे जाणारी गाडी धरली, की बडनेऱ्यामागून वर्धा येते. महाराष्ट्रातील कुष्ठसेवेचे मोठे पर्व याच भागात घडले. मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूरला काम उभारले, शिवाजीराव पटवर्धनांनी अमरावतीला तपोवन वसवले, बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये वरोऱ्याला 'महारोगी सेवा समिती' स्थापन केली. समाजाने ज्या शब्दाने माणसे हाकलली, तोच शब्द सेवेच्या पाटीवर आला. डॉ. वारदेकरांनी गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानातर्फे पाहणी, शिक्षण व उपचार यांची सांगड घातली आणि रुग्णाने आश्रमात येण्याऐवजी औषध गावात जाऊ लागले.

केवळ डॅप्सोनवर भिस्त असताना जंतू त्या औषधाला दाद देईनासे झाले. तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये रिफॅम्पिसिन, क्लोफॅझिमिन आणि डॅप्सोन यांचा एकत्रित उपचार सुचवला. जन्मभराचा रोग सहा किंवा बारा महिन्यांत बरा होऊ लागला. १९८० च्या दशकात जगात पन्नास लाखांहून अधिक नोंदलेले रुग्ण होते. ती संख्या झपाट्याने घटली आणि 'महारोग' या शब्दातील 'महा' निरर्थक झाले.

येथे दुसरा शब्द पुढे येतो. डिसेंबर २००५ मध्ये भारताने राष्ट्रीय पातळीवर 'निर्मूलन' साधले. त्याचा तांत्रिक अर्थ दहा हजार लोकसंख्येमागे एकाहून कमी रुग्ण, एवढाच होता. निर्मूलन म्हणजे मूळच उखडणे, असे मात्र भाषा सांगते, आणि लोकांनी भाषेचेच ऐकले. आजही जगात दरवर्षी पावणेदोन लाखांच्या आसपास नवे रुग्ण सापडतात. त्यांतील निम्म्याहून अधिक भारतातले असतात. रोग संपला असे मानणारा माणूस अंगावरचा बधिर चट्टा दाखवायला जात नाही. उशीर झाला की मज्जातंतू निकामी होतात आणि आलेली विकृती गोळ्यांनी परतत नाही.

कायदा तर औषधाच्या फारच मागे राहिला. १८९८ चा कायदा २०१६ मध्ये रद्द झाला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून व्यक्तिगत कायद्यांतून वगळायला २०१९ उजाडले.

एका शब्दाने भय फुगवले, दुसऱ्याने दिलासा. जुन्या साहित्यात 'महारोगी' हा शब्द भेटतो, तेव्हा तो बदलण्याचे कारण नाही. पण वर्गात त्यामागचा हा इतिहास सांगितल्याशिवाय पुढे जाऊ नये, असे आम्हांला वाटते.