भोंगा आणि फूत्कार

आमच्या लोअर परळात रात्रीचे अकरा वाजून गेले, म्हणजे सेनापती बापट मार्गावरून एखादी मोटार भरधाव जाते. पुढचा सिग्नल लाल दिसला की चालक पाय उचलतो, आणि गाडीच्या नाकातून ‘प्श्श्श’ असा मोठा फूत्कार निघतो. चाळीतली म्हातारी माणसे दचकून उठतात. पोरे मात्र गॅलरीत धावतात आणि गाडीचे नाव सांगतात. आम्ही कामगारांत वावरणारी माणसे; आमचा या फूत्काराशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो जुना आहे. ज्या गिरणगावाला एका आवाजाने पिढ्यान्‌पिढ्या उठविले, त्याने या नव्या आवाजाची कुळकथा समजून घेतलीच पाहिजे.

वाफ असो की हवा, ती दाबून कोंडली की वाट शोधते, आणि वाट न मिळाली तर भांडे फोडते. डेनिस पापँ या फ्रेंच गृहस्थाने 1679 साली वाफेवर शिजविण्याचे बंद भांडे तयार केले, आणि ते फुटू नये म्हणून पुढे त्यावर वजनाने दाबलेली झडप बसविली. आपल्या घरातला कुकर हा त्याच भांड्याचा वंशज. झडपेचा धर्म रक्षणाचा. आवाज हा तिच्या कामामागून येणारा. पुढे माणसाने त्या आवाजालाही कामाला जुंपले, आणि गिरणीचा भोंगा जन्मास आला.

कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 साली कंपनी काढली आणि 1856 साली ताडदेवला मुंबईची पहिली कापडगिरणी सुरू झाली. त्यानंतर परळ, लालबाग, वरळीकडे चिमण्या उभ्या राहिल्या. कामगाराच्या खोलीत घड्याळ नव्हते; बॉयलरची वाफ हेच त्याचे घड्याळ. भोंगा झाला की उठायचे, दुसरा झाला की धावायचे. तेव्हा आवाज मालकाचा होता आणि कान आमचे होते.

1905 हे साल श्रोत्यांनी ध्यानात ठेवावे. त्या साली आमच्या लोअर परळात फिनिक्स मिलची स्थापना झाली. त्याच सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले, आणि सूर्य मावळला तरी साचे थांबेनात; दिवस लांबला म्हणून कामगार खवळले. पुरुषांच्या कामाला बारा तासांची मर्यादा घालण्यास 1911 चा कायदा यावा लागला. आणि त्याच 1905 साली आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने इंजिनातून वाया जाणाऱ्या धुराच्या जोरावर हवा दाबून पुन्हा इंजिनालाच पाजण्याच्या युक्तीचे पेटंट घेतले. हाच आजचा टर्बो. तो आधी जहाजांच्या आणि मोठ्या डिझेल इंजिनांच्या कामी आला. 1962 साली ओल्ड्‌समोबाइल आणि शेव्हरोले यांनी तो विक्रीच्या प्रवासी मोटारींत बसविला.

त्याची रचना सोपी आहे. धुराच्या झोताने एक चक्र फिरते. त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र हवा दाबते. ही चक्रे मिनिटाला लाखावर फेरे घेतात. चालकाने पाय उचलला की हवेचे दार मिटते. दाबलेली हवा माघारी फिरून चक्रावरच आदळते. ते होऊ नये म्हणून मध्ये एक झडप असते. कारखानदार बहुधा ही सुटलेली हवा पुन्हा आतल्या नळीतच सोडतात, म्हणून ती ऐकू येत नाही. हौशी तरुण ती झडप बदलून हवा बाहेर सोडतो, गाळणीची पेटी काढून उघडी गाळणी लावतो, म्हणजे हवा ओढल्याची शिट्टीही ऐकू यावी.

मिळते काय? बहुतांशी आवाजच. ज्या इंजिनात आत येणारी हवा आधी मोजली जाते, तिथे बाहेर सोडलेली हवाही हिशेबात धरलेली असते. तिच्या वाटणीचे पेट्रोल फुकट जाते. उघडी गाळणी बॉनेटखालची तापलेली हवा पिते. डिझेल गाडीला तर बहुधा या झडपेची गरजच नसते, तरी केवळ फूत्कारासाठी ती बसविणारे आहेत. जे यंत्र राखण्यासाठी होते, ते मिरविण्यासाठी झाले.

आमचे वडील साळखात्यात होते. यंत्रमागांच्या खात्यात आवाज शंभर डेसिबलच्या आसपास असे. माणसे ओठ पाहून बोलत. घरी आल्यावर ते ओरडूनच बोलत, आणि आम्हां पोरांना वाटे की बाबा रागावले आहेत. ते रागावलेले नव्हते. त्यांना ऐकू येत नव्हते. गोंगाटाने येणारे बहिरेपण कामाच्या रोगांच्या यादीत पुढे दाखल झाले; पण त्यांच्या कानांची भरपाई कोणी दिली नाही. 18 जानेवारी 1982 रोजी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि त्यानंतरच्या वर्षांत एकेक भोंगा मुका झाला. वडील मात्र शेवटपर्यंत भोंग्याच्या वेळेला उठून बसत.

आता फिनिक्सच्या आवारात बाजार आहे. कायदाही आहे: 2000 सालच्या नियमांनी वस्तीत रात्री दहा ते सकाळी सहा 45 डेसिबलची मर्यादा घातली, रुग्णालयांभोवती शंभर मीटर शांतता सांगितली. 1988 च्या मोटार कायद्याप्रमाणे नोंदणीतील मूळ रचनेशी विसंगत फेरफार चालत नाही. 2019 साली सर्वोच्च न्यायालयाने तेच बजावले, आणि आवाजाची मर्यादा मोडणाऱ्यास दहा हजारांपर्यंत दंड वा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

पण नुसत्या दंडाने आमचे समाधान होत नाही. ही झडप बसविणारा गॅरेजातला पोरगा बहुधा एखाद्या गिरणी कामगाराचाच नातू असतो. बंद शेडमध्ये इंजिन पुन्हापुन्हा ताणून तो आवाज तपासतो, आणि त्याच्या कानांत कापसाचा बोळाही नसतो. आजोबांचे कान मालकाच्या नफ्यापायी गेले. नातवाचे गिऱ्हाइकाच्या हौसेपायी जाऊ नयेत. त्याला कानाचे रक्षण मिळावे, ही आमची पहिली मागणी.

दुसरे, गाडीवाल्या तरुणास. बाळा, तुझी हौस आम्ही जाणतो. या गर्दीच्या शहरात आपण आहोत हे कोणाला तरी कळावे, असे कोणास वाटत नाही? परंतु आठ तास काम, आठ तास करमणूक आणि आठ तास विश्रांती, एवढ्यासाठी जगभरच्या कामगारांनी पिढ्या खर्ची घातल्या. त्यांतले विश्रांतीचे आठ तास आमच्या चाळीला आता कुठे मिळाले आहेत. तुझ्या एका फूत्काराने ते मोडतात. कारखान्याने दिलेली मुकी झडप पुन्हा बसव. गाडी तितकीच धावेल, आणि पहाटेच्या पाळीला जाणारा माणूस झोपेल.